ओरूनोको

टॉमस सदर्न (१६६०–१७४६) या मूळच्या डब्लिनच्या नाटककाराची पाच अंकी इंग्रजी शोकांतिका. पहिला प्रयोग १६९५ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात झाला. कथानक इंग्रज लेखिका आफ्रा बेन हिच्या याच नावाच्या छोट्या कादंबरीवरून (१६८८) घेतले आहे. ते घडते दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये. ही मळेवाल्यांची वसाहत १६६७ पर्यंत इंग्रजांकडे होती, मग ब्रेडाच्या तहाने डचांकडे गेली.

आफ्रिकेतल्या राजपुत्राला, ओरूनोकोला, एक कप्तान पाहुणचाराच्या मिषाने जहाजावर बोलावतो, बेड्या घालतो आणि सुरिनाममध्ये विकतो. तिथे त्याला भेटते ताटातूट झालेली पत्नी इमोइंडा, तीही गुलाम. तिच्यावर लेफ्टनंट गव्हर्नरचा डोळा आहे. बेनची इमोइंडा काळी होती. सदर्नने तिला गोरी केली, त्यामुळे शेक्सपिअरच्या ऑथेल्लोची, काळा नायक आणि त्याची गोरी बायको यांची, आठवण होतेच.

याच्या जोडीला सदर्नने पदरचे एक प्रहसन घातले. लंडनमध्ये लग्नाचे जमेना म्हणून शार्लट आणि ल्यूसी वेल्डन या बहिणी नवरे शोधायला वसाहतीत येतात. शार्लट पुरुषवेशात वावरते, श्रीमंत विधवा लॅकिटबाईला नादी लावते, तिच्या बावळट मुलाच्या गळ्यात ल्यूसीला बांधते आणि स्वतःलाही नवरा मिळवते. पहिल्याच अंकात जहाजावरून उतरलेल्या गुलामांची चिठ्ठ्या टाकून वाटणी होते. लॅकिटबाई कप्तानाशी भांडते: आपल्या वाट्याला सगळ्या बायका आणि पोरेच आली, कामाचा गडी एकही नाही! प्रेक्षक हसतात, आणि त्याच घोळक्यातून ओरूनोको पुढे येतो.

नायकाला आजचा बंडखोर समजू नये. मालकांनी किंमत मोजून आपल्याला विकत घेतले आहे, असे तो स्वतःच सोबत्याला, अबोआनला, बजावतो. होणारे मूल गुलामच जन्मेल आणि इमोइंडा गव्हर्नरच्या हाती पडेल, हे पटल्यावरच तो उठतो. बंड फसते. इमोइंडा त्याच्याच खंजिराने मरते. तो गव्हर्नरला मारून स्वतःला संपवतो.

जॉन हॉक्सवर्थ या इंग्रज लेखकाने १७५९ मध्ये प्रहसन कापून नाटक ‘शुद्ध’ केले. गांभीर्य वाढले खरे, पण नवऱ्यांचा बाजार आणि माणसांचा बाजार शेजारी मांडण्यातली धार गेली.

फेब्रुवारी १७४९ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डन नाट्यगृहात या नाटकाचा प्रयोग पाहायला विल्यम आन्सा सेसाराकू आला होता. गोल्ड कोस्टवरच्या (आजचा घाना) अनोमाबूच्या या सरदारपुत्राला शिक्षणासाठी इंग्लंडला नेतो म्हणून एका कप्तानाने बार्बाडोसमध्ये विकले होते. चौथा अंक संपताच तो उठून गेला; त्याचा सोबती शेवटपर्यंत रडत बसून राहिला.

मराठी रंगभूमीवर सदर्न आला तो दुसऱ्याच नाटकातून: गोविंद बल्लाळ देवलांचे ‘दुर्गा’ (१८८६) त्याच्या ‘इझाबेला’वर बेतलेले आहे.