प्रोबायोटिक की प्रीबायोटिक? पोटातल्या बॅक्टेरियांचा बॅलन्स परत आणायचा तर दोघांचं काम वेगळं आहे

अँटिबायोटिकचा कोर्स झाला, पोट बिघडलं, की कोणी म्हणतं प्रोबायोटिक घे, कोणी म्हणतं प्रीबायोटिक घे, आणि ऐकणाऱ्याला वाटतं दोन्ही एकच. एकच नाहीयेत. एकात जिवंत जंतू असतात, दुसऱ्यात त्यांचं खाद्य, आणि हा फरक लक्षात नसेल तर पैसे जातात आणि पोट तसंच राहतं.

आधी प्रोबायोटिक. 2001 साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी मिळून जी व्याख्या केली ती अगदी साधी आहे, की जंतू जिवंत पाहिजेत, पुरेसे पाहिजेत आणि त्यांचा शरीराला फायदा झाला पाहिजे. म्हणून आंबवलेलं सगळंच प्रोबायोटिक नसतं, पावाचं पीठ आंबवतात खरं पण भाजताना त्यातलं यीस्ट मरून जातं.

प्रीबायोटिकमध्ये जंतू नसतातच. इन्युलिन वगैरे काही कार्बोहायड्रेट अशी असतात की ती पचवायला आपल्याकडे एन्झाइमच नाहीत, मग ती तशीच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले बॅक्टेरिया ती खातात. कांदा, लसूण, ओट्स, कडधान्यं यातून हे मिळतं. बॅक्टेरिया ते आंबवतात तेव्हा ब्युटिरेटसारखी छोटी फॅटी ॲसिड तयार होतात आणि मोठ्या आतड्याच्या आतल्या थरातल्या पेशींना जवळजवळ 70 टक्के एनर्जी या ब्युटिरेटमधून मिळते. मला यातलं सगळ्यात सुंदर उदाहरण वाटतं ते आईच्या दुधाचं, त्यात अशा काही साखरा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत, त्या बाळाच्या आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरियांसाठी असतात.

आता मुद्द्याचं. 2016 च्या एका अंदाजानुसार माणसाच्या शरीरात साधारण 38 लाख कोटी बॅक्टेरिया असतात आणि त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात, त्यापुढे कॅप्सूलमधले काही अब्ज म्हणजे किती किरकोळ ते बघा. शिवाय ते बहुतेकदा तिथे टिकतही नाहीत, पाहुण्यासारखे येतात, काम करतात, आणि कॅप्सूल बंद केली की थोड्या दिवसांत निघून जातात. म्हणजे ते निरुपयोगी आहेत असं अजिबात नाही, पण प्रोबायोटिक घेतलं की आधीचे सगळे बॅक्टेरिया परत येतात हा समज चुकीचा आहे. उलट 2018 मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या अभ्यासात दिसलं की अँटिबायोटिकनंतर अनेक स्ट्रेन (म्हणजे जंतूंच्या जातीतले उपप्रकार) असलेलं प्रोबायोटिक घेतलेल्यांचे मूळचे बॅक्टेरिया परत यायला काहीच न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला. अभ्यास छोटा होता हे खरं, तरी ही गोष्ट लोकांना कोणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग प्रोबायोटिक कधी घ्यायचं? ठरावीक त्रासासाठी ठरावीक स्ट्रेन. अँटिबायोटिक चालू असताना होणारे जुलाब टाळायला सॅकरोमायसिस बुलार्डी वापरतात, ते यीस्ट असल्यामुळे बॅक्टेरिया मारणाऱ्या औषधाने मरत नाही. त्यामुळे पाकिटावर नुसतं लॅक्टोबॅसिलस लिहिलं असेल तर त्यावरून फारसं काही कळत नाही, स्ट्रेनचं पूर्ण नाव बघा, आणि जंतूंची संख्या एक्स्पायरीपर्यंतची दिली आहे की फक्त पॅकिंगच्या वेळची तेही बघा.

प्रीबायोटिकलाही मर्यादा आहे. खाणारा बॅक्टेरियाच उरला नसेल तर खाद्य देऊन तो उगवत नाही, उंदरांच्या काही पिढ्यांना कमी फायबर दिलं तेव्हा काही जाती गायब झाल्या आणि नंतर फायबर वाढवूनही त्या आल्या नाहीत. आणि 2021 च्या स्टॅनफर्डच्या एका ट्रायलमध्ये तर 10 आठवड्यांच्या डाएटमध्ये बॅक्टेरियांची विविधता वाढली ती दही, किमची असे आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांची, जास्त फायबर खाणाऱ्यांची सरासरी तेवढ्या वेळात वाढली नाही. म्हणून माझं मत असं की रोजच्या जेवणात वेगवेगळ्या भाज्या, कडधान्यं, धान्यं यांचं फायबर (जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी दिवसाला किमान 25 ग्रॅम सांगते) आणि जोडीला थोडं आंबवलेलं, आणि कॅप्सूल फक्त कारण असेल तेव्हा. फायबर हळूहळू वाढवा, एकदम वाढवलं तर गॅस होऊन पोट फुगतं आणि आयबीएस (म्हणजे वारंवार पोटदुखी, जुलाब किंवा बद्धकोष्ठ होण्याचा आतड्याचा त्रास) असलेल्यांना तर इन्युलिनचा चांगलाच त्रास होऊ शकतो.

इम्युनिटी खूप कमी असेल, केमो चालू असेल, शिरेत सेंट्रल लाइन (म्हणजे औषधं देण्यासाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी) असेल किंवा बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल तर प्रोबायोटिक स्वतःच्या मनाने देऊ नका, हे जंतू रक्तात जाऊन इन्फेक्शन झाल्याच्या केसेस आहेत. आणि अँटिबायोटिक संपल्यावर काही आठवड्यांनी जरी दिवसातून तीन-चारदा पातळ जुलाब, ताप, पोटदुखी सुरू झाली तरी कॅप्सूल घेऊन वाट बघत बसू नका, डॉक्टरांना अँटिबायोटिक घेतलं होतं हे आवर्जून सांगा, ते सी डिफिसिल नावाच्या बॅक्टेरियासाठी स्टूल टेस्ट करायची का ते ठरवतील.