'३० मिनिटं' नेमकी कोणाची? केजीच्या तयारीत घरातली स्क्रीन कशी आली

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला मोबाइल किती वेळ देता, असं पुण्यातल्या पालकांना विचारलं, तर एक उत्तर हमखास येतं: अर्धा तास, आणि तोही 'एज्युकेशनल'. हा अर्धा तास आला कुठून? आरोग्याच्या सल्ल्यात तो नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या शिफारशींत दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पाहायच्या स्क्रीनची कमाल मर्यादा एक तास आहे आणि सोबत 'कमी तितकं चांगलं' अशी पुस्ती आहे. ३० मिनिटं हा आकडा शाळापूर्व वयाला चिकटला तो २०२०च्या जुलैत, सरकारी कागदावरून. तिथे तो मुलांसाठी लिहिलेलाच नव्हता.

त्याआधी शब्दांचा गुंता सोडवू, कारण ॲप निवडताना पहिली चूक तिथेच होते. 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग. १८४०च्या जर्मनीत हे नाव पडलं ते चेंडू, ठोकळे, गाणी आणि वाफे असलेल्या जागेला. अमेरिकेत पुढे त्याचा अर्थ आकुंचला. तिथे किंडरगार्टन म्हणजे पहिलीच्या आधीचं, पाच वर्षांच्या मुलांचं एकच वर्ष. आपल्याकडे त्याचीच 'केजी' झाली आणि ती दोन वर्षांची झाली: ज्युनिअर आणि सीनियर, त्याआधी नर्सरी. मराठी माध्यमात शिशुगट, छोटा गट, मोठा गट. सरकारी व्यवस्थेत अंगणवाडी, आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर बालवाटिका. आता ॲपवरची पाटी वाचा. 'प्री-के' म्हणजे साधारण आपली ज्युनिअर केजी, 'किंडरगार्टन' म्हणजे सीनियर. चार वर्षांच्या मुलासाठी 'केजी' दिसलं म्हणून बटण दाबलं, की मूल एक इयत्ता पुढच्या पायरीवर चढतं. १००पर्यंत मोजणं आणि १०च्या आतली बेरीज-वजाबाकी ही अमेरिकी किंडरगार्टनची वर्षअखेरची अपेक्षा आहे. ती आपल्या ज्युनिअरवाल्याला जूनमध्येच भेटते. त्याला जमत नाही, आणि घरात 'गणितात कच्चा' असा शिक्का तयार होतो.

वयाची तारीख यात भर घालते. राज्याने २०२०च्या सप्टेंबरमध्ये प्रवेशाच्या वयासाठी ३१ डिसेंबर ही तारीख धरली: त्या दिवशी तीन पूर्ण होत असतील तर नर्सरी, सहा पूर्ण होत असतील तर पहिली. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल जूनमध्ये नर्सरीत बसतं तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचं असतं. 'तीन वर्षांवरील' असं लिहिलेलं ॲप त्याच्यासाठी नाही, वर्गाचं नाव काहीही असो.

मागचा इतिहास थोडक्यात. १९४५मध्ये पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू झाली तेव्हा शैक्षणिक साधनं म्हणजे शिंपले, बिया, पानं आणि माती. १९६९मध्ये अमेरिकेत शाळेत जाण्याआधीच्या मुलांसाठी अक्षरं-अंक शिकवणारी दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. घरातल्या पडद्यावरून शाळेची तयारी, ही कल्पना जगभर पोचली ती तिच्यामुळे. १९७५मध्ये आपल्याकडे अंगणवाड्या आल्या. त्याच वर्षी उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० गावांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचा वर्षभराचा प्रयोग झाला. त्यात महाराष्ट्र नव्हता. पुण्याचा वाटा १९८४पासूनचा. सेनापती बापट रस्त्यावर मुलांसाठी मराठी शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी सरकारी संस्था उभी राहिली आणि तिचे कार्यक्रम दूरदर्शनवर लागू लागले. निधीअभावी रखडत ती २०१७मध्ये बंद झाली. तीनच वर्षांनी सगळ्या राज्याला मराठीत मुलांसाठी चित्रफिती हव्या होत्या, हा योगायोग पुणेकरांना अजून बोचतो. मधल्या काळात बडबडगीतांच्या कॅसेट, मग सीडी, मग स्पर्श केला की बोलणारं पेन आणि त्याची पुस्तकं आली. ते पेन पानावरचे बारीक छापील ठिपके वाचतं. म्हणूनच पुस्तकाची झेरॉक्स काढली की पेन मुकं होतं.

आता २०२०. शाळा बंद. जूनमध्ये राज्याने ऑनलाइन वर्गांचे तास ठरवून दिले. पूर्वप्राथमिक आणि पहिली-दुसरीसाठी ऑनलाइन वर्ग नकोत, टीव्ही-रेडिओ वापरा, असा त्याचा सूर होता. बालशिक्षणाच्या अंगाने तो बरोबर होता. पण खासगी नर्सऱ्यांची फी सुरू होती, वर्ग नाही तर फी कसली हा पालकांचा प्रश्न होता, आणि महिनाभरात दबाव वाढला. जुलैच्या मध्याला केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या. त्यात पूर्वप्राथमिकसाठी एक ओळ होती: ठरलेल्या दिवशी, पालकांशी संवाद साधण्यासाठी आणि त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी, ३० मिनिटांहून जास्त नाही. आठवडाभरात राज्यानेही आदेश बदलला: सोमवार ते शुक्रवार, रोज ३० मिनिटं, पालकांशी संवाद आणि मार्गदर्शन. पहिली-दुसरीलाही ३० मिनिटंच होती, पण ती फोडलेली: १५ पालकांशी संवादाची, १५ मुलांच्या उपक्रमांची.

म्हणजे कागदावर स्क्रीनसमोर बसायचं होतं आईने, बाबाने किंवा आजीने. शिक्षिकेने सांगायचं, 'उद्या डाळ आणि तांदूळ वेगळे करायला द्या, बघा किती वेळ टिकतो', आणि मोठ्यांनी ते समजून घ्यायचं. प्रत्यक्षात 'पूर्वप्राथमिक: ३० मिनिटं' एवढाच तक्ता फिरला. तक्त्याच्या शेजारच्या रकान्यातले 'पालकांशी' हे शब्द व्हॉट्सॲपच्या प्रवासात गळून पडले. मग तीन वर्षांची मुलं चौकोनांत बसली, माइक बंद करायला शिकली आणि 'गुड मॉर्निंग टीचर' म्हणून पलंगाखाली गेली. शाळांनी हे मुद्दाम केलं असं म्हणता येणार नाही. फी देणाऱ्याला पडद्यावर आपलं मूल दिसायला हवं होतं. पण सरकारी मर्यादा ही सरकारी शिफारस म्हणून वाचली गेली, आणि शाळा उघडल्यावर वर्ग गेले तरी अर्धा तास घरात राहिला. फक्त शिक्षिकेच्या जागी ॲप आलं.

मूळ अर्थाने ती ओळ वापरली गेली ती दुसरीकडे, सरकारी शाळांत. २०२२मध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी 'पहिले पाऊल' नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे झाले. नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि पालकांना मार्गदर्शन असे सात स्टॉल. त्यानंतर वस्तीतल्या आयांचे माता गट, आणि दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर उपक्रम सांगणारा छोटा व्हिडिओ किंवा आयडिया कार्ड. मोबाइल आईच्या हातात, मुलाच्या हातात वाटी-चमचा. पुण्यातल्या कोथरूड-बाणेरच्या सोसायट्यांत या प्रयोगाची चर्चा फारशी झाली नाही. महिन्याला पैसे घेणाऱ्या ॲपला तंत्रज्ञान म्हणायचं आणि फुकटच्या व्हॉट्सॲप व्हिडिओला नाही, अशी आपली समजूत.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. तीन ते सहा वयाला पाठ्यपुस्तकं नकोत, आणि अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने न देता चार-पाचच्या गटाने द्या, म्हणजे लगेच शब्द तयार होतात, हे त्यात आहे. घरातली बहुतेक मराठी ॲप मात्र अजून 'अ अननसाचा'पासून 'ज्ञ'पर्यंत सरळ रेषेत चालतात.

मराठी ॲपची खरी अडचण अक्षराच्या वळणात आहे. राज्याने २००९मध्ये लिपीचं प्रमाणीकरण केलं तेव्हा पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही मराठी वळणं ठरली, आणि 'ॲ', 'ऑ' स्वरांत आल्याने बाराखडीची चौदाखडी झाली. संगणकात मात्र हिंदी आणि मराठी 'श'ला संकेतांक एकच आहे. कोणता आकार दिसेल हे फाँट ठरवतो, आणि फोन बहुधा हिंदी वळण दाखवतो. काही फाँटमध्ये फोनची भाषा मराठी केली की आकार बदलतो. पण गिरवण्याच्या पाठात अक्षर चित्र म्हणून टाकलेलं असतं, तिथे भाषा बदलून काही होत नाही. मूल महिनाभर हिंदी 'श' गिरवतं, शाळेत बाई दुसरा काढून दाखवतात, आणि वहीत दोघांचं मिश्रण उमटतं. म्हणून ॲप घेण्याआधी तीन ठिकाणं उघडून पाहा: शहामृग, लसूण आणि 'ळ'. मुळात हिंदीसाठी बनवून नंतर मराठी केलेल्या ॲपमध्ये 'ळ' अनेकदा नसतोच. पुण्याच्या पुस्तकबाजारात, अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या स्वस्तातल्या अंकलिपीत तो असतो.

दुसरी तपासणी वळणाच्या दिशेची. 'क' मुद्दाम उलटीकडून, शेपटाकडून गिरवा. तरीही चांदणी मिळाली, तर ते ॲप फक्त ऐकण्या-ओळखण्यापुरतं ठेवा. गुळगुळीत काचेवर बोट घसरतं, पाटीवर पेन्सिल अडते, आणि लिहायला लागणारी ताकद त्या अडण्यातून येते. शिवाय मनगट काचेला टेकलं की स्क्रीन त्याला दुसरा स्पर्श समजते आणि रेघ तुटते. मूल मग हात हवेत धरून लिहायला शिकतं आणि पेन्सिल हातात आल्यावरही तसंच धरतं.

अंकांचंही एक. इंग्रजी ॲपमध्ये दशक आधी ऐकू येतं, मराठीत एकक: 'एकवीस'. दोन्ही एकदम सुरू केली की २१ आणि १२ची अदलाबदल वाढते. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'साठी 'वीस एक' असं वाचन दिलं, त्यावरून २०१९मध्ये राज्यभर वाद झाला, त्याच्या मुळाशी हेच होतं. शाळापूर्व वयात २०च्या पुढे जायची घाई नसेल तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

फोनची मांडणी अशी: आधी व्हिडिओ उतरवून घ्या, मग एअरप्लेन मोड, म्हणजे जाहिराती येत नाहीत. ऑटोप्ले बंद. अँड्रॉइडवर ॲप पिनिंग, आयपॅडवर गाइडेड ॲक्सेस, म्हणजे एकाच ॲपवर स्क्रीन अडकवून ठेवणारी सोय, चालू करा, नाहीतर मूल दुसऱ्या मिनिटाला भलत्याच व्हिडिओवर असतं. सात दिवस फुकट म्हणून घेतलेलं ॲप नुसतं काढून टाकलं तर वर्गणी थांबत नाही. ॲप स्टोअरमधली वर्गणी आणि यूपीआयमधला ऑटोपे, दोन्ही पाहून रद्द करावं लागतं.

आणि ३० मिनिटं मूळ अर्थाने वापरायची असतील तर उपक्रमाचा व्हिडिओ आदल्या रात्री मोठ्यांनी पाहावा. पाच-सात मिनिटांत होतो. दुसऱ्या दिवशी फोन दुसऱ्या खोलीत, आणि जमिनीवर दहा चिंचोके. पाच मोजून वाटीत टाकायला सांगितलं आणि मुलाने मूठभर टाकले, तर ते चुकलं असं नाही. त्याला आकड्यांची नावं पाठ आहेत, पण एका नावाला एक चिंचोका हे अजून बसलेलं नाही. मग पाचऐवजी तीनवर या, आणि एकेक चिंचोका उचलताना आकडा मोठ्याने म्हणा.