पाण्यात पाण्याचं ओझं

उसाचा हंगाम सुरू झाला की सोलापूरच्या रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसतं. मागे दोन ट्रॉल्या गच्च भरलेल्या, आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत. मग कुणी पुढे लोखंडी वजनं अडकवतं, कुणी चक्क दगड बांधतं. मागच्या टायरमध्ये पाऊण भाग पाणी भरायची युक्तीही जुनीच. वजन वाढलं की चाक माती धरतं.

टेक्सासातल्या भाच्याने परवा व्हिडिओ पाठवला. तळ्यातल्या बोटीवर पंप चालू, आणि तळ्यातलंच पाणी जाड पिशव्यांमध्ये भरणं चाललेलं. माझी बहीण म्हणाली, "बोटीत पाणी शिरलं की माणसं उपसतात, हा आत भरतोय?"

भाच्याचा खेळ वेकबोर्डिंगचा. पायांना फळी बांधायची, साधारण २० मीटर लांब दोर धरायचा, आणि तासाला ३०-३५ किलोमीटरने धावणाऱ्या बोटीमागे तिच्या लाटेवरून उडी घ्यायची. अडचण अशी, की वेगात हलकी बोट पाण्यावर चढते आणि वरवर घसरत जाते. पाणी फारसं बाजूला सरत नाही, लाट बुटकी राहते. जड बोट मात्र खोल रुतून चालते. तिने ढकललेलं पाणी मागची पोकळी भरायला धावतं, एकमेकांवर आदळतं आणि उंच उठतं. तोच उडीचा चढ.

किती जड? गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांपुढे आणा. भरली की बरोबर एक टन. पाण्याच्या पातळीला बोटीचा आडवा छेद १२ चौरस मीटर धरला, तर एवढ्या पाण्याने ती उभ्या जागी सुमारे ८ सेंटिमीटर खाली जाते. चार बोटं! पण वेगात याच चार बोटांनी लाटेचा नूर पालटतो. सगळं वजन मागे टाकलं तर लाट उभी आणि आखूड होते, थोडं पुढे सरकवलं तर लांब आणि उतरती. इथे ट्रॅक्टरवाल्याला काही शिकवायला नको.

मग वाळूची पोती का नकोत? याचं उत्तर आडावर मिळतं. भरलेला पोहरा पाण्यात असेपर्यंत जवळपास फुलासारखा लागतो, पाण्याबाहेर आला की हाताला रग लागते. पाण्यात बुडालेल्या वस्तूला बाजूच्या पाण्याचा आधार मिळतो, हे आर्किमिडीजचं तत्त्व. पाण्यातल्या पाण्याला तर हा आधार अगदी वजनाइतकाच. बोटीच्या कोरड्या पोटात पिशवी पुरी एक टन भरते, कारण तिच्याभोवती हवा आहे. उद्या बोटीत पाणी शिरलंच, तर बुडालेल्या पिशवीचं ओझं जवळजवळ शून्य होतं. वाळू मात्र तळाशी ओढत राहते. शिवाय खेळ संपला की पंप उलटा फिरवायचा, ओझं तळ्यात परत.

म्हणून हे ओझं निरुपद्रवी आहे असं नाही. अर्धवट भरलेला टँकर वळणावर कसा हेलकावतो, ते उन्हाळ्यात आपण बघतोच. बोट कलली की अर्ध्या पिशवीतलं पाणी कललेल्या बाजूलाच धावतं आणि तिला आणखी कलवतं. म्हणून पिशवी हवा काढून काठोकाठ भरतात. बोटीची वजनाची मर्यादा ठरलेली असते, त्यात माणसांबरोबर हे पाणीही धरावं लागतं. पुढचं टोक जड झालं आणि स्वतःचीच लाट आडवी आली, तर पाणी थेट बोटीत येतं.

पिशवीतून पाण्याबरोबर जीवही प्रवास करतात, आणि मला ही बाजू जास्त गंभीर वाटते. झेब्रा शिंपला काळ्या समुद्राच्या भागातला. तो जहाजांनी वजनासाठी पोटात भरलेल्या अशाच पाण्यातून उत्तर अमेरिकेत पोहोचला, १९८८मध्ये तिथल्या महासरोवरांच्या परिसरात सापडला आणि पाण्याचे नळ तुंबवू लागला. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसतही नाहीत. टेक्सासात तळं सोडताना बोटीतलं सगळं पाणी काढून टाकणं आता कायद्याने सक्तीचं आहे. आपल्या उजनीतली चिलापी मासळीसुद्धा मूळची आफ्रिकेची, फक्त तिला माणसांनी मुद्दाम आणलं.

भाच्याच्या व्हिडिओत शेवटी पंप उलटा फिरतो आणि दोन धारा तळ्यात पडत राहतात. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. बहिणीने तेवढा भाग पुन्हा लावून बघितला आणि विचारलं, "सगळंच सोडून दिलं?"