राखेचा ठेका, पालिकेची गाडी

कचरा उचलणं, रस्ते झाडणं, बागा राखणं ही कामं ठेकेदारांकडून काढून स्वतःच्या हाती घेणाऱ्या ब्रिटिश नगरपालिकांच्या बातम्या अधूनमधून येतात. तिथे त्यावरून डाव्या-उजव्यांची जुंपते. मागचा इतिहास पाहिला, तर तत्त्वापेक्षा हिशेबच जास्त दिसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये कचऱ्याचे ठेकेदार पैसे घेत नसत, उलट देत! घरोघरच्या शेगड्यांमधली कोळशाची राख त्यांना हवी असे. शहर वाढत होतं, विटांना मागणी होती. चाळलेली बारीक राख विटांच्या मातीत मिसळायची, अर्धवट जळलेले कोळसे भट्टीत घालायचे. पुढे राखेचा भाव पडला आणि तेच ठेकेदार पैसे मागू लागले. 1875 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर हे काम हळूहळू पालिकांच्या अंगावर आलं.

1979 मध्ये पालिका कामगारांच्या संपात लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये कचऱ्याचे डोंगर साचले. दोन वर्षांत साउथएंड या शहराच्या पालिकेने कचरा खासगी कंपनीकडे दिला आणि 1988 च्या कायद्याने निविदा सक्तीच्या झाल्या. आपलंच काम टिकवायला पालिकेच्या खात्यालाही बोली लावावी लागे. बरेच ठेके खात्यांनीच जिंकले, पण माणसं कमी करून. ही सक्ती 2000 मध्ये उठली.

यातली खरी मेख गाडीत आहे. ठेके बहुधा सात-आठ वर्षांचे, कारण कचऱ्याची गाडी साधारण तेवढीच टिकते. ठेका संपला की नव्या गाड्या कोणी घ्यायच्या, हा प्रश्न येतो. पालिकेला कर्ज स्वस्त पडतं. पण कामगार पालिकेत आले की पेन्शनचा बोजाही येतो. म्हणून अनेकांनी मधली वाट काढली: पालिकेच्याच मालकीची कंपनी. अशा कंपनीला निविदेविना काम देण्याची वाट युरोपीय न्यायालयाने 1999 मध्ये एका इटालियन खटल्यात मोकळी केली होती. चेल्टनहॅम आणि कॉट्सवोल्ड या पालिकांनी 2012 मध्ये 'युबिको' ही अशी कंपनी काढली. 2016 मध्ये लिव्हरपूलनेही तेच केलं. 2018 मध्ये कॅरिलियन ही बडी ठेकेदार कंपनी बुडाली, तेव्हा या विचाराला आणखी जोर आला.

बर्मिंगहॅममध्ये मात्र सेवा पालिकेचीच होती. स्त्री-पुरुष समान वेतनाच्या दाव्यांनी तिजोरी रिकामी झाली, गाडीवरचं एक पद रद्द करण्यावरून वाद पेटला आणि मार्च 2025 मध्ये कामगार बेमुदत संपावर गेले.