‘फक्त माझ्यापुरतं’ आणि ‘सगळ्यांसाठी’: अपडेट नेमकं कुठे अडतं?

ऑफिसात शेजारी शेजारी बसणारे दोघं. दोघांचंही विंडोजवरचं खातं साधं, म्हणजे स्टँडर्ड युजरचं. दोघंही व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर वापरतात. एकाकडे नवी आवृत्ती आली की गुपचूप बसते. दुसऱ्यासमोर ॲडमिनचा पासवर्ड मागणारी खिडकी येते. मग आयटीकडे फोन: ‘त्याला राइट्स दिलेत, मला का नाही?’

राइट्स कुणालाच दिलेले नसतात. व्हीएस कोडचे इन्स्टॉलरच दोन मिळतात, युजर (फक्त माझ्यापुरतं) आणि सिस्टिम (सगळ्यांसाठी). पहिला सगळं सामान त्या माणसाच्या प्रोफाइलमधल्या ‘ॲपडेटा’ फोल्डरात ठेवतो. तो फोल्डर त्याचाच, त्यामुळे तिथल्या फाइली बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. दुसरा ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये ठेवतो. तिथलं साध्या खात्याला वाचता येतं, चालवता येतं. लिहिता येत नाही. अपडेट म्हणजे शेवटी फाइली बदलणंच, म्हणून पासवर्ड.

इथवर वाचून वाटेल, मग सगळ्यांना पहिलाच द्या, कटकट मिटली. मीही एकेकाळी हेच म्हणायचो. मग पाळ्यांमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका संगणकावर एकाच ब्राउझरच्या चार प्रती सापडल्या, चार खात्यांत चार. युजर इन्स्टॉलचं अपडेट त्या त्या खात्यातूनच चालतं. त्यातल्या एका खात्यात कित्येक महिने कुणी लॉगइनच केलं नव्हतं, त्यामुळे तिथली प्रत सुरक्षेतल्या जुन्या भोकांसकट तशीच पडून होती. आयटीच्या यादीत तर तो ब्राउझर नव्हताच, कारण यादी बनवणारं टूल रजिस्ट्रीचा, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीचा, फक्त मशीनचा भाग वाचायचं आणि युजर इन्स्टॉलची नोंद होते त्या त्या युजरच्या भागात.

शिवाय ज्या फोल्डरात युजर न विचारता लिहू शकतो, तिथे त्याच्या नावाने चाललेला मालवेअरही लिहू शकतो. कोणते प्रोग्रॅम चालू द्यायचे हे ठरवणाऱ्या विंडोजमधल्या ॲपलॉकरचे डिफॉल्ट नियम साध्या युजरला ‘विंडोज’ आणि ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरांतलेच प्रोग्रॅम चालवू देतात, ते याचसाठी. हे नियम लागू केले त्या दिवशी ‘ॲपडेटा’तले प्रोग्रॅम बंद पडतात आणि आयटीचा फोन दिवसभर खणखणतो!

‘सगळ्यांसाठी’ बसवलेलं सॉफ्टवेअर दर वेळी पासवर्ड मागतंच असंही नाही. क्रोम असं बसवलं तर सोबत त्याचा अपडेटरही सर्व्हिस म्हणून, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम म्हणून येतो. तो सिस्टिमच्या अधिकाराने चालतो, त्यामुळे समोर कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. फायरफॉक्सने 2012 मध्ये मेंटेनन्स सर्व्हिस आणली ती याच कामासाठी. विंडोजचे स्वतःचे अपडेटही साध्या खात्यावर याच पद्धतीने बसतात. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना मी आधी विचारतो, अपडेटसाठी याची स्वतःची सर्व्हिस आहे का? नसेल, तर प्रत्येक नवी आवृत्ती आयटीने इंट्यून (ऑफिसातले संगणक दुरून सांभाळायचं मायक्रोसॉफ्टचं टूल) किंवा तशाच एखाद्या टूलमधून पाठवायची आणि प्रोग्रॅमचं ‘नवी आवृत्ती आली आहे’ हे तुणतुणं सेटिंगमधून बंद करायचं. एका अपडेटपायी माणसाला लोकल ॲडमिन करून ठेवणं हा मात्र उपाय नव्हे. ‘तात्पुरते’ दिलेले राइट्स परत घेतल्याचं मी क्वचितच पाहिलंय.

आपल्याकडे कोणता प्रकार आहे हे पाहायला मिनिटही लागत नाही. प्रोग्रॅम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये त्याच्या नावावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडा. पत्त्यात ‘युजर्स’ आणि ‘ॲपडेटा’ दिसलं, तर ते बहुधा फक्त तुमच्यापुरतं. पुष्कळदा ते बसवलेलं आठवतही नाही. क्रोमचा इन्स्टॉलर चालवला आणि पासवर्डच्या खिडकीला ‘नो’ म्हटलं, की तो विचारतो, ‘ॲडमिनच्या अधिकारांशिवाय बसवू का?’ घाईत आपण ‘येस’ दाबतो.

एकातून दुसऱ्यात जाताना बुकमार्क जातील ही भीती नको. क्रोम कसंही बसवलेलं असो, ते युजरच्या प्रोफाइलमध्येच राहतात. फक्त जुनी प्रत काढताना ‘ब्राउझिंग डेटाही पुसा’ या चौकटीत खूण करू नका.