फवारणीचं किट खुंटीलाच का राहतं?

विदर्भात कपाशीवर फवारणीचा जोर असतो तो ऑगस्ट ते ऑक्टोबर. पाऊस उघडलेला, जमीन ओली, वर कडक ऊन आणि पऱ्हाटीच्या दोन ओळींमध्ये कोंदट हवा. अशा दुपारी पाठीवर 16 लिटरचा पंप घेऊन शिरणाऱ्या माणसाच्या अंगात बहुतेक वेळा अर्ध्या बाह्यांचा सदरा असतो आणि तोंडाला दुपट्टा. प्लास्टिकचं संरक्षक किट असलंच, तर ते घरी खुंटीला.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. नंतर किट वाटली गेली. ती वापरली जात नाहीत म्हटल्यावर ‘लोक ऐकतच नाहीत’ असं बोलून मोकळं होणं सोपं. पण किट चढवून अर्धा तास पंप मारून पाहिला, तर ते का काढावंसं वाटतं हे कुणाला वेगळं सांगावं लागणार नाही.

नुसता बसलेला माणूस साधारण 100 वॅट उष्णता तयार करतो, जुन्या पिवळ्या बल्बएवढी. भरलेला पंप घेऊन चिखलातून चालताना ती 300-400 वॅटपर्यंत जाते. हवा 35 अंशांची असेल तर त्वचाही जवळपास तेवढीच, त्यामुळे उष्णता आपोआप बाहेर पडत नाही. उरतो घाम. 1 लिटर घाम वाळताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता नेतो. तासाभरात वाळला, तर 650 वॅटहून जास्त. म्हणजे यंत्रणा चांगली दणकट आहे. फक्त घाम वाळला पाहिजे, नुसता गळून उपयोग नाही. माठाला पॉलिथिन गुंडाळून ठेवा आणि पाणी किती गार होतं ते बघा.

हवा आत-बाहेर न जाऊ देणारं किट नेमकं हेच करतं. आतली हवा काही मिनिटांत वाफेनं भरते, घाम नुसता ओघळत राहतो. काहीच उष्णता बाहेर पडली नाही असं धरलं, तर 300 वॅटच्या हिशेबानं 60 किलोच्या माणसाचं तापमान 1 अंशानं चढायला 12 मिनिटं पुरतात. प्रत्यक्षात थोडी उष्णता निसटते, म्हणून वेळ जास्त लागतो, इतकंच.

कामगारांवरचा उष्णतेचा ताण मोजायला डब्ल्यूबीजीटी नावाचा निर्देशांक वापरतात. 1950च्या दशकात अमेरिकी मरीन सैनिक प्रशिक्षणात उन्हानं कोसळत, त्यातून तो आला. त्यात 70 टक्के वजन थर्मामीटरवर ओलं फडकं गुंडाळून घेतलेल्या तापमानाला आहे, म्हणजे घाम किती वाळेल यालाच. वाफ अडवणारा अंगभर पोशाख घातला असेल, तर या आकड्यात आणखी 11 अंश मिळवा, असं तज्ज्ञांचं कोष्टक सांगतं. 28 असेल तर 39 धरायचा. त्या आकड्याला जड काम थांबवायचंच असतं.

आता यातला खरा घोळ. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं कातडीतून आत जातात. तापलेल्या त्वचेत रक्त जास्त खेळतं, ती घामानं ओली असते, त्यामुळे विष आणखी सहज शिरतं. मज्जातंतूंचा निरोप स्नायूंना आणि ग्रंथींना पोहोचवणारं रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन; ही विषं ते मोडणारं विकर (एन्झाइम) बंद पाडतात. ॲसिटिलकोलिन साचतं, आणि घामाच्या ग्रंथी चालतात त्याच्याच इशाऱ्यावर. म्हणून विषबाधेतही दरदरून घाम, डोकेदुखी, मळमळ; ऊन बाधलं तरी तेच. माणूस ‘ऊन लागलं’ म्हणून बांधावर आडवा होतो आणि मोलाचा वेळ जातो. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तोंडाला लाळ सुटली, स्नायू फडफडू लागले, तर ते ऊन नव्हे. अंगावरचे कपडे काढून, साबणानं धुऊन, फवारलेल्या औषधाच्या डब्यासकट दवाखाना गाठायचा.

मग घालायचं काय? डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिक, नाहीतर काहीच नाही, ही निवडच चुकीची आहे. विष सगळीकडे सारखं पडत नाही. पिकाला घासणारे पाय, औषध कालवणारे हात, गळक्या पंपाखालची पाठ यांवर ते जास्त येतं. तिथे प्लास्टिक हवं: हातमोजे, पुढून ॲप्रन, गमबूट, शिवाय डोळ्यांना चष्मा. बाकी अंगावर जाड विणीचे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. ते औषधानं भिजले की लगेच बदलायचे, नाहीतर तेच विष अंगाला धरून ठेवतात. गळक्या पंपाचा वायसर बदलायला पाच-दहा रुपये लागतात. माझ्या मते किटच्या आधी तोच वाटायला हवा होता. फवारणी पहाटे उरकली तर ऊनही टळतं आणि वाराही बहुधा पडलेला असतो. मधल्या विश्रांतीत हात साबणानं धुऊन कोपरापर्यंत गार पाण्यात दहा मिनिटं बुडवले, तर तळहातांतल्या रक्तवाहिन्यांतून उष्णता झपाट्यानं उतरते. अग्निशमन दलांत हा उपाय वापरला जातो.

बेंगळुरूच्या इनस्टेम या संशोधन संस्थेनं वेगळाच विचार केला. विष अडवण्यापेक्षा ते कापडावरच मोडून टाकायचं. त्यांच्या सुती कापडाच्या धाग्यांना असे रेणू जोडले आहेत की ऑर्गॅनोफॉस्फेट त्यांना भिडताच निष्प्रभ होतं. हवा मात्र आत-बाहेर खेळते. डिसेंबर 2024मध्ये ‘किसान कवच’ नावानं हा पोशाख आला, किंमत सुमारे 4000 रुपये, धुऊन पुन्हा वापरता येणारा. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि तेच विकर बंद पाडणारी कार्बामेट सोडली, तर इतर गटांतल्या कीटकनाशकांचा प्रश्न त्यानं सुटत नाही. आणि तो विकत घ्यायचा कुणी, हा प्रश्न वेगळाच, कारण सातबारा एकाच्या नावावर आणि पंप रोजानं आलेल्या दुसऱ्याच्या पाठीवर.