सोमवार कोणाकडे?

सातपूरच्या आमच्या कामगार वस्तीत काही घरांनी मिळून नववी-दहावीच्या मुलांना दुपारचं जेवण द्यायचं ठरवलं, तेव्हा पहिला प्रश्न आला, "शाळेत खिचडी मिळते ना?" मिळते, पण आठवीपर्यंत. नववीत गेलेलं पोर मधल्या सुट्टीत नळाला तोंड लावून पाणी पितं आणि घंटा होईपर्यंत मैदानात रेंगाळतं. हे बघूनच विषय निघाला.

शिकणाऱ्या पोराला गावानं जेवू घालणं नाशिकला नवं नाही. पंचवटीत, गंगेच्या काठी (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) पाठशाळेतली मुलं वार लावून जेवायची. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. एखादा वार रिकामा राहिला तर माधुकरी (दारोदार मागून आणलेलं शिजलेलं अन्न), नाहीतर उपास. पद्धत चांगली, पण ती ब्राह्मण मुलांपुरती; शिवाय वाढणाऱ्या घराच्या मर्जीवर. काळारामाच्या दारापाशी १९३० साली ज्यांना सत्याग्रहाला बसावं लागलं, त्यांच्या पोरांचं पान त्या ओसरीवर कोण मांडणार होतं?

बाकीच्या जातींच्या मुलांची सोय बोर्डिंगांनी केली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं काढली. नाशिकला १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला, त्याच्याही मुळाशी खेड्यातल्या पोरांच्या राहण्या-जेवण्याचीच काळजी होती. साताऱ्यात भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात तर सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसली. त्या पोरांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. घरोघरचं मूठ-मूठ धान्यही गोळा व्हायचं.

सरकार बरंच उशिरा आलं. मद्रास महापालिकेनं १९२०च्या दशकात शाळेत जेवण दिलं होतं, तिथले मुख्यमंत्री कामराज यांनी १९५६ पासून ते राज्यभर नेलं. आपल्याकडे बाहत्तरच्या दुष्काळातली सुकडी आठवणारे लोक अजून आहेत. देशभरची योजना १५ ऑगस्ट १९९५ची, आणि तीही सुरुवातीला बहुतेक ठिकाणी शिजवलेल्या अन्नाची नव्हतीच. ८० टक्के हजेरी भरली की महिन्याला ३ किलो धान्य. पोरं पिशवीतून तांदूळ घरी न्यायची. घरी पाच-सहा तोंडं; तो तांदूळ दोन-चार रात्रींत संपायचा आणि शाळेतली दुपार कोरडीच. आईनं काय वेगळं करायला हवं होतं? २८ नोव्हेंबर २००१ला सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलंच अन्न द्या, असं बजावलं, तेव्हा कुठे शाळेत पातेली आली. आज पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० आणि २०, असं मोजमाप आहे. आम्हीही दुसरा आकडा धरून चाललोय. नववीतलं पोर त्याहून कमी खाणार नाही.

खर्चाचं गणित अवघड असेल असं वाटलं होतं, पण मूग, मटकी, शेंगदाणे आणि दिंडोरीकडची स्वस्त भाजी धरली की ते बसतं. खरी धास्ती वेगळी. जुलै २०१३मध्ये बिहारात सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत जेवणातून कीटकनाशक पोटात गेलं आणि २३ मुलं दगावली. म्हणून मुलांच्या आधी मोठ्या माणसानं खायचं आणि वहीत सही करायची, हा सरकारी नियम आम्ही जसाच्या तसा उचललाय. आमच्यातल्या एका आजींनी चव घेण्याचं काम मागून घेतलं. "मीठ कमी पडलं तर पण लिहायचं का?" असं त्यांनी विचारलं. लिहायचं, म्हटलं.

वारही परत आलेत, फक्त आता ते मुलांनी लावायचे नाहीत. रांधणाऱ्यांची नावं भिंतीवर लागतील, मुलांनी नुसतं बसायचं. मंगळवार ते शनिवार भरलेत. सोमवारी सगळ्यांनाच कारखान्यात पहिली पाळी असते, तेवढा एक वार अजून रिकामा आहे.